साडेसातची वेळ कुणी मोडली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकबंधूंचे पत्र वाचले. गोव्यातली तरुण मुले हाताबाहेर चालली आहेत आणि त्याचे मूळ ख्रिस्ती घरांतल्या मोकळ्या वातावरणात आहे, असा त्या पत्राचा एकूण सूर होता. ‘त्यांच्याकडे’ मुलांना धाक नसतो, गिटार काय, पार्ट्या काय, सगळे चालते, आणि मग तीच हवा शेजारच्या घरांत शिरते, असे काहीसे. उपायही त्यांनी दिला आहे. मोबाइल काढून घ्या आणि छडी हातात घ्या. आता ‘त्यांच्याकडे’ म्हणजे माझ्याकडेच, म्हणून हे पत्र. लांबले तर शेवटाकडून कापा, पण मधून कापू नका. कापडाचा धंदा माझा आहे, मधून कापले की काय होते ते मला ठाऊक आहे.

आधी ओळख. मी जन्माने वसईची. घरात सामवेदी बोली, शाळेत मराठी, चर्चमध्येही मराठी. भाऊ बोटीवर होता. त्याच्याच बोटीवरचा एक बार्देशकर तारवटी, म्हणजे खलाशी, त्याने मला शोधून दिला आणि १९८६ साली मी म्हापशाजवळच्या एका गावात सून म्हणून आले. इथे सगळी प्रार्थना कोंकणीत. पहिले सहा महिने मी सवयीने ‘नमो मरिये’ म्हणायची आणि बाकीचे घर ‘नमान मोरिये’ म्हणायचे. माझ्या सासूबाईंना सगळे माय म्हणत. त्या एकदा म्हणाल्या, तू तुझ्या भाषेत म्हण, सायबिणीला, म्हणजे मरियामातेला, दोन्ही समजतात. ख्रिस्ती बाई मराठी पेपर वाचते याचे गोव्यात अजूनही काहींना नवल वाटते. त्यांना मी सांगते की इथल्याच रायतूरला १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण छापून निघाले ते मराठीत, आणि पान उलटते.

म्हापशात माझे शिवणाचे दुकान आहे. लग्नाचे गाऊन, फर्स्ट कम्युनियनचे पांढरे फ्रॉक, शाळेचे युनिफॉर्म. आणि रविवारी मिस्सा संपल्यावर मी दोत्रीन घेते, म्हणजे मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग. त्याला सव्वीस वर्षे झाली. म्हणजे मुले मला दोनदा भेटतात, एकदा माप घेताना आणि एकदा देवाचे नाव घेताना. दोन्ही वेळेला ती सरळ उभी राहत नाहीत.

आता धाकाचे. वाचकबंधूंनी आमच्या जुन्या घरांत डोकावून पाहिलेले दिसत नाही. मी सून म्हणून आले तेव्हा घरात संध्याकाळी साडेसातला तेर्स व्हायचा. तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना. आंजेलाची, म्हणजे चर्चमधली संध्याकाळच्या प्रार्थनेची, घंटा झाली की पोरे विहिरीवर पाय धुऊन आत यायची. सालात, म्हणजे मधल्या मोठ्या खोलीत, वेदीसमोर सगळे गुडघे टेकून. ज्याला डुलकी लागली त्याला मायचा हात लागायचा. तेर्स संपला की लहानांनी मोठ्यांपुढे हात जोडून ‘बेसांव’ मागायचे, म्हणजे आशीर्वाद. सगळ्यांत लहान पोर पहिल्यांदा मायकडे, मग काका, मग मी, असे घरभर. ज्याच्याशी दुपारी भांडण झाले त्याच्याकडेही जावे लागे. त्याला सूट नव्हती. माझ्या जावेशी माझे एकदा आठ दिवस बोलणे बंद होते, पण तिच्या मुलाने रोज माझ्याकडे बेसांव मागितले आणि मी रोज दिले. नवव्या दिवशी जाऊच आली आणि म्हणाली, माझ्या पोराला रोज आशीर्वाद देतेस आणि मला मिरची द्यायला काय होते?

आमचे हे मुंबईला बोटीसाठी थांबायचे तेव्हा धोबीतलावला गावच्या कुडात उतरायचे. कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी चालवलेले बिऱ्हाड. एक पेटी ठेवायची जागा आणि एक अंथरुणाची. पण तिथेही वेदी असायची आणि संध्याकाळचा तेर्स असायचा. वीस-बावीस वर्षांची, खिशात पहिला पगार असलेली पोरे. मुंबई बाहेर पसरलेली. तरी त्या वेळेला आत. त्यांना धाक नव्हता असे कोण म्हणेल? पण आमचे हे नेहमी सांगायचे की तेर्स आठवतो तो धाकामुळे नाही, तर त्या वेळेला कुडातले सगळे दिसायचे म्हणून. कोण आजारी आहे, कुणाला बोट मिळाली, कुणाला तीन महिने मिळालेली नाही, ते त्या अर्ध्या तासात कळायचे.

छडीबद्दल मात्र मला कबुली द्यायची आहे. २००३ साली गोवा बाल कायदा आला आणि त्याने शाळेतल्या छडीवर बंदी घातली. त्याच वर्षी मी माझ्या मुलाला दुकानात, दोन गिऱ्हाइकांच्या देखत, लाकडी मीटरपट्टीने मारले. तो नववीत होता. गणितात नापास झाला होता आणि पेपरावरची माझी सही त्याने स्वतःच केली होती. सही चांगली केली होती, हे आता म्हणते. तेव्हा मला दिसत होते ते एवढेच की बाप समुद्रावर, मी एकटी मशीनवर पाय मारते आहे आणि हा माझी सही करतो. मारली ती पट्टी चिरली.

तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. जेवायला यायचा, ताट उचलायचा, मायशी गप्पा मारायचा. मी त्या शनिवारी कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला, गेले. फादरांना सगळे सांगितले. मला वाटले चार प्रार्थना सांगतील आणि सोडतील. त्यांनी विचारले, देवाकडे आलीस, मुलाकडे गेलीस का? मी म्हटले, फादर, मी त्याची आई आहे. ते म्हणाले, म्हणून तर.

पौलाच्या पत्रात ‘मुलांनो, आईबापांच्या आज्ञेत राहा’ हे वाक्य आहे आणि ते आम्हा सगळ्यांना पाठ आहे. इफिसकरांस पत्र, सहावा अध्याय, पहिले वचन. तीनच वचने खाली गेले की तोच पौल बापांना सांगतो, मुलांना चिरडीस आणू नका. ते वचन मी सव्वीस वर्षे शिकवते आहे, पण एकाही आईबापाच्या तोंडून पाठ ऐकलेले नाही. मीही त्या दिवसापर्यंत पहिल्या वचनावरच थांबलेली होते.

रात्री त्याच्या खाटेवर जाऊन बसले. म्हटले, मी चुकले, माफ कर. सोळा सेकंद गेले असतील, मला सोळा वर्षे वाटली. मग भिंतीकडे तोंड करूनच त्याने विचारले, “पट्टी मोडली?” मी म्हटले, चिरली. तो हसायला लागला आणि मग मीही. ती पट्टी अजून दुकानात आहे, बासष्टाव्या सेंटिमीटरपाशी चिकटपट्टी गुंडाळलेली. तिथे माप दोऱ्याइतके चुकते. मला ते सवयीने कळते. मुलगा आता इंग्लंडात स्विंडनला आहे. दर वेळी आला की पहिल्यांदा दुकानात शिरतो आणि पट्टी कुठे म्हणून विचारतो. छडीचे समर्थन करणाऱ्या वाचकबंधूंना मी ती दाखवायला तयार आहे.

आता मोबाइल. इथे माझे म्हणणे पुष्कळांना आवडणार नाही, आमच्या फादरांनासुद्धा. प्रत्येक प्रवचनात, प्रत्येक शाळेच्या पालकसभेत मोबाइलला शिव्या बसतात. मी शिव्या घालू शकत नाही, कारण आमच्या घरात वेदीवर मोबाइल मीच ठेवला.

२०१४ साल. आमचे हे शेवटच्या काही फेऱ्यांवर होते, प्रवासी बोटीवर. बोट इटलीच्या बंदराला लागायची तेव्हा तिथे दुपारचे चार वाजलेले असत आणि आमच्याकडे साडेसात. मुलगा तेव्हा दोहाला होता. त्याने मला व्हिडिओ कॉल शिकवला. एका संध्याकाळी बरोबर तेर्साच्या वेळेला ह्यांचा फोन आला. मी फोन सायबिणीच्या पायाशी मेणबत्तीला टेकवून उभा केला आणि आम्ही तेर्स सुरू केला. ते तिकडून उत्तरे देत होते. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात असे कितीदा झाले असेल की घरातल्या रोजच्या तेर्साला घरचा धनी आहे? बोटीच्या लोकांचा संसार म्हणजे वर्षातून तीन महिने. शेवटी बेसांव मागायची वेळ आली. ह्यांनी फोनमधून हात जोडले. माय तेव्हा ऐंशीच्या पुढे होती, तिला कमी दिसायचे. तिने आपला हात वर केला आणि त्या काचेवर टेकवला. फोन कट झाला. मुलगी पटकन म्हणाली, रेंज गेली. मायला आम्ही सांगितले नाही की तिच्या बोटाने लाल बटण दाबले गेले.

म्हणजे आमच्या घरात मोबाइल आला तो मायेपोटीच आला. फक्त आला तो गेला नाही. ज्या दिवशी ह्यांचा फोन नसायचा त्या दिवशीही तो सायबिणीच्या पायाशी असायचा, न जाणो आला तर. आणि फोन आला नाही तरी बाकी सगळे यायचे. गिऱ्हाइकांचे मेसेज, ब्लाउजचे फोटो, “आंटी, उद्या मिळेल का?” आधी मी फक्त नजर टाकायची. मग तिसऱ्या दशकापर्यंत (दशक म्हणजे माळेतले दहा मणी) उत्तर द्यायची, अंगठ्याने, माळ दुसऱ्या हातात धरून. एक दिवस मुलगीही फोन घेऊन बसली. मी तिला ओरडले. ती काही बोलली नाही, फक्त माझ्या हाताकडे पाहिले.

२०१८ साली माय गेली. त्यानंतर तेर्स रविवारवर आला, मग सणावर. आता गावात सायबिणीची मूर्ती घरोघर फिरायला येते तेव्हा आमच्याकडे पूर्ण लदाईन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, होते, उकडलेले चणे वाटतात, शेजारची माणसे येतात आणि म्हणतात, वा, किती दिवसांनी तुमच्या सालात आवाज ऐकला. शेजारच्या वैनी तुळशीपुढे दिवा लावतात तो आमच्या बल्कावातून, म्हणजे पुढच्या ओसरीवरून, दिसतो. मी त्यांना एकदा विचारले, नातवंडे शुभंकरोती म्हणतात का? त्या म्हणाल्या, म्हणायची, मी सिरियल बघायला लागले त्या वर्षापर्यंत. वाचकबंधूंनी लिहिलेली हवा कुठून कुठे गेली याचा तपास त्यांनी आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये उभे राहून करावा.

दोत्रीनच्या वर्गात मी दर वर्षी लूकच्या शुभवर्तमानातली बारा वर्षांच्या येशूची गोष्ट सांगते. वल्हांडणाच्या सणाला मरिया आणि योसेफ त्याला घेऊन यरुशलेमेला गेले. परत निघाले. तो मागे राहिला आणि यांना कळलेच नाही. तो तांड्यात असेल, नातेवाइकांत असेल, असे समजून ते एक पूर्ण दिवस चालले. मग शोधाशोध. तीन दिवसांनी सापडला. वर्गात मी इथे थांबते आणि मुलांना विचारते, तुमची आई असती तर काय केले असते? उत्तरे दर वर्षी बदलतात. सुरुवातीच्या वर्षांत सगळी म्हणायची, मार. गेल्या वर्षी सतरा मुलांपैकी अकरा जणांनी एकच उत्तर दिले, मोबाइल काढून घेतला असता. एक मुलगा म्हणाला, आधी स्टेटस टाकले असते. आम्ही सगळे खूप हसलो.

पण त्या गोष्टीत मरिया काय करते? ती विचारते. बाळा, तू आमच्याशी असा का वागलास? तो उत्तर देतो, आणि लूक स्पष्ट लिहितो की ते उत्तर आईबापांना समजले नाही. आमच्या घरांच्या भिंतींवर पवित्र कुटुंबाचे जे चित्र असते, त्यात तिघांच्या डोक्यामागे गोल प्रभा, योसेफाच्या हातात करवत, सगळे नीटनेटके. नाताळानंतरच्या रविवारी त्या कुटुंबाचा सण असतो आणि त्यावर फार गोड प्रवचने होतात. मला त्या चित्रापेक्षा तो चाललेला एक दिवस जास्त ओळखीचा वाटतो. मूल बरोबर आहे असे समजून चालत राहायचे. आपल्याकडे तर मूल शेजारच्या खोलीतच असते, दाराखालून उजेड दिसतो, म्हणून आपण निर्धास्त. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबाविषयी जे मोठे पत्र काढले त्यात हेच आहे. मूल या क्षणी कुठे आहे आणि कुणाबरोबर आहे यावर पहारा ठेवून भागत नाही, ते मनाने कुठे आहे हा खरा प्रश्न. ते ब्रह्मचारी होते, पण हे त्यांना बरोबर कळले होते.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट सांगते. फर्स्ट कम्युनियनच्या फ्रॉकच्या ट्रायलला एक नऊ वर्षांची मुलगी आली. सॅटिनचा फ्रॉक, वर नेट, घेराला तीन झालरी, कंबरेला मागे मोठा बो. मी टाचण्या लावून तिला स्टुलावर उभी केली होती. तिच्या आईने वडिलांना व्हिडिओ कॉल लावला, ते कुवेतला. फ्रॉक दाखवायला. हाताची लेस दाखवली, गळा दाखवला, मग हॉलचे बुकिंग, केक किती मजली, डीजेचा भाव, सूत्रसंचालन कोण करणार, ड्रोन घ्यायचा की नाही. मुलगी दोन्ही हात पसरून उभी, टाचण्या टोचू नयेत म्हणून. कॅमेरा तिच्या मानेपासून पायापर्यंत तीनदा फिरला. मानेच्या वर एकदाही गेला नाही. दहाएक मिनिटांनी तिने हळूच मला विचारले, आंटी, हात खाली करू?

तीच मुलगी माझ्या दोत्रीनच्या वर्गात आहे. फर्स्ट कम्युनियनच्या आधी मुलांचे पहिले कुमसार असते, त्याची तयारी आम्ही करून घेतो. पातक म्हणजे काय, ते कसे सांगायचे. मुलांची पातके ठरलेली असतात. खोटे बोललो, भावाला मारले, आईचे ऐकले नाही. ही मुलगी वर्ग सुटल्यावर मागे राहिली आणि म्हणाली, “आंटी, पपाचो फोन घेतलो ना जाल्यार तें पातक?” मी विचारले, का घेत नाहीस गं? ती म्हणाली, ते रोज एकच विचारतात, जेवलीस? अभ्यास केलास? मग ते गप्प, मी गप्प. मग मम्मा म्हणते, बोल ना, पपा एवढे पैसे खर्च करून फोन करतात.

मी तिला काय सांगितले ते महत्त्वाचे नाही. ते पातक नाही एवढे सांगितले. पण घरी येऊन मी त्या बापाचा विचार करत बसले. तोही मुंबईच्या कुडातल्या त्या पोरांसारखाच. आमच्या ह्यांसारखाच. गोवेकराला बाहेर जाणे काही नवीन नाही. आधी बोट, मग आखात, मग १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांच्या आणि त्यांच्या मुला-नातवंडांच्या पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंड. माझा स्वतःचा मुलगा तसाच गेला. मी कोणत्या तोंडाने कुणाला म्हणू की जाऊ नका? माझ्या वर्गातल्या सतरांपैकी सहा जणांचे वडील बाहेर आहेत आणि दोघांची आईसुद्धा. ती दोघे आजीकडे वाढतात. २०२१ पासून जुलैच्या चौथ्या रविवारी चर्चमध्ये आजी-आजोबांचा दिवस पाळतात. फुले देतात, गाणे म्हणतात. त्या दिवशी एक आजी मला म्हणाली, फूल नको, हा अठरा वर्षांचा होईपर्यंत माझे गुडघे टिकू देत. त्याच सुमारास तळावलीला सांत आनाचे फेस्त, म्हणजे चर्चची जत्रा, असते. ती येशूची आजी. मूल व्हावे म्हणून जोडपी तिला तवशी, म्हणजे काकड्या, वाहतात, आमची आणि तुमचीही. तवशी घेऊन रांग लावतात. मूल झाल्यावर त्याच्याबरोबर रोज किती वेळ बसायचे ते सांगणारे फेस्त मात्र अजून निघालेले नाही.

एक गोष्ट ओझरती. मुले घर सोडून जातात असे आपण म्हणतो, पण मोठी माणसे घरात राहून जे शिकवतात तेही बघावे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आपल्या वारसा कायद्यात अजून चालते. आईबापांना आपली अर्धी मिळकत मुलांपासून हिरावून घेता येत नाही आणि मुलगा-मुलगी समान. चांगला कायदा आहे, मुलीच्या आईला तर फारच चांगला. पण माझ्या ओळखीचे एक घर आहे. भावांनी खोल्या वाटून घेतल्या. साल वेदीसकट सामाईक राहिली. सामाईक म्हणून कौले कुणीच फेरत नाही. पावसात वेदीवर बादली ठेवलेली असते. दोन्ही भावांच्या दारांवर एकच स्टिकर आहे, एकत्र प्रार्थना करणारे कुटुंब एकत्र राहते. एकाच छापखान्याचा असावा. दोन्ही घरांची मुले बल्कावात एकमेकांच्या शेजारी बसून मोबाइलवर एकच खेळ खेळतात, आत जायची वेळ झाली की वेगवेगळ्या दारांनी जातात.

या पावसाळ्यात एका पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, पालकांसाठी व्याख्यान होते. विषय, आजचे कुटुंब आणि मुलांचे संगोपन. वक्ता चांगला होता, मंगळुरूहून आलेला, आणि त्याने दाखले छान दिले. वेळ मंगळवारी संध्याकाळी सात. चाळीसएक आईबाप भिजत आले होते. मी हात वर करून विचारले, आत्ता मुले कुठे आहेत? हॉलमध्ये थोडे हसू पसरले. एकाने सांगितले, घरी, टॅब दिला आहे, व्याख्यान दोन तासांचे आहे ना. कॉयरची तालीम सातला, ट्यूशन सातला, झुंबा सातला, पंचायतीतली बैठक सातला, आणि कुटुंब कसे वाचवावे हे सांगणारे व्याख्यानही सातला. घंटा अजून वाजते, पण त्या वेळेला घरात कोणी नसते, किंवा असते ते दार लावून.

माझी मागणी फार मोठी नाही. आमच्या दोत्रीनचा पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्याची मी ॲडमिन. गेल्या महिन्यापासून मी साडेसात ते आठ या वेळात तो बंद करते. पहिल्या आठवड्यात तीन पालकांनी विचारले की ग्रुप हॅक झाला काय. इतर ॲडमिन मंडळींनी, शाळेच्या, सोसायटीच्या, फेस्ताच्या कमिटीच्या, आणि गणेशोत्सव मंडळांच्यासुद्धा, एवढे करून पाहावे. पॅरिशांनी आणि शाळांनी पालकांची व्याख्याने रविवारी सकाळी ठेवावीत, मुलांना घेऊन या म्हणून. मुले गोंगाट करतील. वक्त्याने मोठ्याने बोलावे.

आणि वाचकबंधूंना एवढेच. आमच्यात मोकळीक आहे, गिटार आहे, हे खरे. माझी मुलगी गिटार वाजवते. ती पर्वरीला राहते, तिची मुलगी नऊ वर्षांची. गेल्या रविवारी दोघी आल्या होत्या. नात बल्कावात फोन घेऊन बसली होती. साडेसातला मी सालात मेणबत्ती लावली, कुणाला हाक मारली नाही, एकटीने सुरुवात केली, जुन्या सवयीने मराठीत. दुसऱ्या दशकाला मुलगी आली. चौथ्याला नात दारात उभी राहून म्हणाली (आजीला ती नाना म्हणते), नाना, तू ‘नमो’ का म्हणतेस, ‘नमान’ असते. मी म्हटले, बस, सांगते. ती बसली, पण फोन हातातच होता. शेवटी तिच्या आईने माझ्यापुढे हात जोडून बेसांव मागितले. नातीने ते पाहिले, फोन उलटा करून जमिनीवर ठेवला आणि विचारले, हे काय करता तुम्ही?

आपली,
एक शिवणकाम करणारी आजी
(म्हापशाजवळच्या एका गावातून. नाव-पत्ता आपल्या कार्यालयासाठी सोबत दिला आहे.)

ता. क. : माझे दुकान आता संध्याकाळी सातला बंद होते. नोव्हेंबरच्या लग्नांची मापे द्यायला साडेसातला येऊन शटर वाजवणाऱ्या मंडळींनी कृपया सकाळी यावे. आणि मुलीचे माप द्यायचे असेल तर फोन पिशवीत ठेवून यावे, टाचण्या लावताना मला मूल बोलके लागते.